आज मैदानात काय झालतं?

"आज मैदानात काय झालतं, ठाऊक हाय का?" फळ्यावर डस्टर आपटून आमचे खेळाचे सर विचारायचे, आणि उत्तर यायच्या आत स्वतःच सांगून मोकळे व्हायचे.

किनवटकडच्या आमच्या निवासी शाळेत परिपाठाचा दिनविशेष त्यांच्याकडे होता. इतर शाळांत जयंत्या-पुण्यतिथ्या. आमच्याकडे कुणी अनवाणी धावून शर्यत जिंकलेली, कुणी सुजलेल्या गुडघ्यानं गोल मारलेला. मी मराठी शिकवतो. एकदा चिडवलं, तुमच्या इतिहासात माणसांना घाम फार येतो बुवा. ते हसले, फळा मात्र तसाच राहिला.

मग आमच्या मुलींनी नांदेडला खो-खोचा विभागीय अंतिम सामना जिंकला. परतताना एसटीत जागा असूनही सर आनंदाच्या भरात पार इस्लापूर येईपर्यंत उभेच होते.

पुढच्या वर्षी त्याच तारखेला त्यांनी पोरींचा विजय फळ्यावर लिहिला. नेमका त्याच दिवशी संस्थेच्या अध्यक्षांचा वाढदिवस. मुख्याध्यापकांनी सगळ्यांदेखत ती ओळ पुसून शुभेच्छा लिहिल्या. दिनविशेष मोठ्या लोकांचा असतो म्हणाले. एवढ्यावर भागलं नाही. वाढदिवसाच्या मंडपाला आडवे येतात म्हणून खो-खोचे दोन्ही खांब उपटले. जिंकलेल्या पोरी हार घेऊन रांगेत उभ्या, आणि केक त्यांच्याच मैदानात! अजून आठवलं की माझं डोकं सणकतं.

सर सरळ मंडपात गेले. आवाज चढवला नाही.

"साहेब, खांब पुन्हा कवा लावून देता, तेवढं सांगा."

अध्यक्ष हसले. आठवड्याच्या आत सरांची संस्थेच्याच कंधारच्या शाळेत बदली झाली. इकडे पोरींचा सराव बंद पडला तो पडलाच.

दरवर्षी त्या तारखेला त्यांचा फोन यायचा. आधी तोच फळ्यावरचा प्रश्न, आज मैदानात काय झालतं? पोरी जिंकल्या, असं मी सांगायचो. मग विचारायचे, "खांब लावले का?" मी नाही म्हटलं की फोन बंद.

यंदा फोन आला नाही. सर उन्हाळ्यातच गेले, हृदय बंद पडून. वाढदिवस मात्र झाला, केकही मोठा होता. पाहुण्यांचा पाय मुरगळेल म्हणून मुख्याध्यापकांनी शिपायाला खांबांचे खड्डे बुजवायला सांगितलं. तो फावडं घेऊन आला, तेव्हा मी पहिल्या खड्ड्यात पाय रोवून उभा राहिलो.

"आधी खांब आणा. मग माती टाका."

खड्डे अजून उघडे आहेत.