रांगोळीने घासलेले रोमन नाणे

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी माझ्या मैत्रिणीचा मनापासून हेवा करत असे. मी कळवणकडची, घरातली पहिली पदवीधर, नाशिकला वसतिगृहात राहणारी. ती इथलीच. तिच्या वडिलांना जुन्या नाण्यांचा छंद होता. मी परीक्षेसाठी ज्या गोष्टी पाठ करायचे, त्या तिच्या घरी कपाटात होत्या.

त्या वर्षी पुण्याला विद्यार्थ्यांचे चर्चासत्र होते आणि आमच्यातली एकच जाणार होती. सरांनी तिच्या वडिलांकडून एक रोमन चांदीचे नाणे मागून आणले. दोघींनी आठ-आठ दिवस ठेवा, त्यावरच्या धार्मिक चिन्हांवर लिहा, जिचे सरस ती निबंध वाचेल, असे ते म्हणाले. मला तिच्या बरोबरीने धरणारे ते पहिलेच. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही.

तिने आधी लिहिले आणि मला वाचायलाही दिले. मग नाणे माझ्याकडे आले. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसरीकडे काळ्या थराखाली कसल्यातरी चार वस्तू. तिच्याकडे भिंग होते, जाडजूड पुस्तके होती. तिला दिसले ते मला दिसत नाही, हे काही केल्या सहन होईना.

आमच्याकडे दसऱ्याआधी देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे देव उमटवलेले चांदीचे पत्रे, चिंच लावून रांगोळीने घासतात. घरी ते काम माझ्याकडे असे. वसतिगृहाच्या नळावर मी नाणेही तसेच घासले.

लख्ख निघाले. पाण्याच्या तांब्यासारखे भांडे, वाकडी काठी, पाणी शिंपडायचा कुंचा, आणि चौथी चक्क पळी. मैत्रिणीने तिला ‘लांब दांड्याचे उपकरण’ म्हटले होते. मी भरभरून लिहिले, की आपण पुजारीही आहोत हे सांगायला राजाने पूजेचे साहित्यच नाण्यावर घातले. मी जिंकले होते.

सरांनी निबंध वाचला, मग नाणे खिडकीपाशी धरले.

“लिहिलंयस तूच चांगलं,” ते म्हणाले. “पण कडेची अक्षरं गेली की गं. हा काळेपणा काढायचा नसतो. आता तुला कसं पाठवू?”

मैत्रीणही तिथेच होती, ती नाणे उलटेपालटे करत राहिली.

“देव घासतात तसं घासलंस?”

“दिसत नव्हतं गं काही.”

“बाबांना सांगते मीच घासलं. मला ओरडून ओरडून ते दमलेत आता.”

तिने खरोखर तसेच सांगितले. मी रडून माफी मागितली, पण तिला हे इतके सहज जमते याचाच मला जास्त राग आला. माझ्या घरी असे मौल्यवान काही नव्हते, की जे बिघडवल्याबद्दल कुणाला माफ करता यावे.

पुण्याला मी श्रोत्यांत बसले. तिने पळीचा उल्लेख केला, ‘हे माझ्या मैत्रिणीने ओळखले’ असे सांगितले आणि माझ्याकडे हात केला. लोकांनी वळून पाहिले. मी हसले, टाळ्याही वाजवल्या. ती जागा मात्र माझी होती, असेच मला शेवटपर्यंत वाटत राहिले.