आप्पांनी न सोडलेला सूर

गोव्याच्या हॉटेलातून फोन आला तो मीच घेतला, कारण आमच्या बँडचे सगळे फोन मीच घेते. "बाई एकट्या पाहिजेत," पलीकडचा मॅनेजर म्हणाला. "बँड नको, जागा नाही. ट्रॅकवर गातील ना?" ट्रॅक म्हणजे आधी वाजवून ठेवलेलं संगीत. मोबाईल जोडायचा आणि गाणाऱ्याने वरून गायचं. विचारून सांगते, असं म्हणून मी फोन ठेवला, आणि पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं. ड्रमच्या पेट्या, स्टँड, वायरींचं पोतं, आप्पांच्या पाठीची उशी, आक्काच्या घशासाठी आलं, सेफ्टीपिना. लग्न झाल्यापासून या यादीवर खुणा करण्यातच माझे शनिवार-रविवार गेले होते. थकले होते, पण ते सांगायला सवड नव्हती.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद, आमची गायिका. आप्पा माझे सासरे, ते बेस गिटार वाजवतात. नवरा ड्रमवर. आक्काचा मुलगा कीबोर्डवर असायचा, तो नोकरीला बंगळूरला गेला. मी काही वाजवत नाही. मी नसले तर काहीच वाजणार नाही, असं नवरा म्हणतो, पण ते पेट्या उचलायच्या वेळी.

आप्पा तरुणपणी बेळगावच्या कॅम्पात एका शेजाऱ्याकडे गिटार शिकले. आक्का कॉलेजच्या गॅदरिंगला घसा फाडून रॉक गायली आणि मग थांबलीच नाही. आम्ही मूळचे उचगावचे. तिथल्या एका चुलत सासूबाईंनी तिला पहिल्यांदा ऐकून म्हटलं होतं, "व्यायला आलेली म्हस बी एवढी वरडत न्हाय गं." पुढे त्याच बाई जत्रेत पुढच्या सतरंजीवर बसून "ते वरडायचं म्हण की!" म्हणून स्वतः ओरडायच्या. गाव बघून काही गाणी मराठी, काही कन्नड, आणि शेवटी आक्काने स्वतः बांधलेलं एक. लग्नात यजमानांना साडी हवी असायची आणि आक्काला जॅकेट, म्हणून ती इरकलीवर काळं जॅकेट घालून उभी राहायची.

मग मंडळांनी डीजे धरला, जत्रांनी धरला, शेवटी लग्नांनीही. आप्पांचे गुडघे गेले. हे हॉटेल मिळालं तर दर शनिवारी आक्काला गायला एक जागा होती. नाही मिळालं तर तिचं गाणं थांबणार, हे न बोलता घरात सगळ्यांना ठाऊक होतं. निपाणीला एका लग्नात तिचा कार्यक्रम ठरला होता. तिथे येऊन ट्रॅकवर ऐकतो, मग ठरवू, असं मॅनेजरने कळवलं.

"बाजारात तयार ट्रॅक मिळतात," मी सुचवलं.

"हॉटेलात भाजी मिळती म्हणून घरातली शेगडी इकायची व्हय?" आक्का म्हणाली. "वाजवायचं ते आप्पांनीच."

बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, भाच्याच्या रिकाम्या खोलीत, खिडकीला गाद्या टेकवून आम्ही रेकॉर्डिंग मांडलं. पहिल्याच गाण्याला गाडी अडली. आप्पा मोजून वाजवत नाहीत. ते आक्काच्या तोंडाकडे बघून वाजवतात. ती सूर लांबवते तोवर ते धरतात, ती तोंड मिटते तसे सोडतात, आणि नवरा त्यांच्या मागून जातो. आक्का समोर नसली की त्यांचं बोट उठेना. आणि ती समोर उभी राहून गायली की तिचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये शिरायचा.

"मग मुक्यानं म्हण," नवरा म्हणाला.

ती सगळी गाणी आक्का आप्पांसमोर उभी राहून आवाज न काढता गायली. मान मागे, डोळे मिटलेले, एक हात वर, तोंड उघडं. "आक्का, दाताच्या डॉक्टराकडं आल्यागत दिसायलीस," नवरा म्हणाला. मी हसले, आक्कासुद्धा हसली. आप्पा हसले नाहीत. त्यांनी तिच्या ओठांवरची नजर काढली नाही. शेवटच्या गाण्यात, तिच्या स्वतःच्या, वरचा सूर येतो तिथे तर ती मुलीसारखी टाचा उचलून उभी होती.

कीबोर्ड भाच्याने बंगळूरहून वाजवून पाठवला, तो नवऱ्याने वरून जोडला. कार्यक्रमाआधी आठवडाभर आक्का घसा राखते, कुजबुजसुद्धा करत नाही. त्यामुळे ट्रॅकवर पूर्ण आवाजात म्हणून बघायचं राहिलं. नवऱ्याने ट्रॅक ऐकला, पण तो ऐकतो ते ड्रमच.

निपाणीला सामान म्हणजे एक पिशवी. हॉलच्या पायऱ्या चढताना काहीतरी विसरलं असं मला सारखं वाटत होतं. पहिलं गाणं ठीक गेलं. दुसऱ्यात लांब सूर आला. आक्काने तो उचलला, नेहमीसारखा नेला, आणि नेहमीची सोडायची जागा आली तरी बेस हलेना. तिने आणखी ओढला. मानेच्या शिरा वर आल्या. दम संपला, आवाज चिरकला आणि बंद पडला. ट्रॅकवर आप्पांचा बेस तसाच पुढे चालला होता. जेवणाऱ्या पाहुण्यांनी माना वर केल्या. मॅनेजर मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसला होता.

मला तेव्हा कळलं. मुक्याने गाताना दम लागत नाही. आक्काने त्या खोलीत मनाला येईल तेवढा वेळ तोंड उघडं ठेवलं होतं, विशीतल्यासारखं, आणि आप्पांनी तिला तेवढं सगळं दिलं होतं. घरातलं एवढं बारीकसारीक मी टिपून ठेवते, आणि हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

पुढचा लांब सूर आला तेव्हा आक्काने जमेल तेवढा म्हटला, माइक खाली घेतला आणि उजवीकडे वळून शांत उभी राहिली. उजवीकडे आप्पांची खुर्ची असायची. तिथे आता फुलांचा स्टँड होता. सूर संपेपर्यंत ती तिकडेच बघत राहिली, मग परत गायला लागली. असं तिने शेवटपर्यंत निभावलं.

"आवाज छान आहे," मॅनेजर नंतर मला म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून या. मधल्या त्या रिकाम्या जागा तेवढ्या कापा."

"हातचा मळ," नवरा गाडीत म्हणाला. "उद्याच कापतो."

सकाळी चहाला आप्पांनी विचारलं, "कसं झालं?"

"तुम्ही लई थांबलासा, आप्पा," आक्का म्हणाली.

"तू तोंड मिटंनास," आप्पा म्हणाले. "तू मिटल्याबिगर मी कधी सोडलोय काय?"

आक्काने कप खाली ठेवला. मग नवऱ्याला म्हणाली, "काप रं सगळं. माझं शेवटचं सोडून."

"मॅनेजर बोलंल की."

"बोलू दे. दम वाढवीन मी."

"ह्या वयात?" मी विचारलं. मला खरोखर काळजी वाटली होती, पण ते टोमण्यासारखं बाहेर पडलं.

"तू तुझी यादी कर गं, बाई," आक्का म्हणाली.

तर यादी चालूच आहे, आखूड झाली एवढंच. दर शनिवारी दुपारी कणकुंबीवरून गोव्याला उतरायचं. नवरा गाडी चालवतो, मी मोबाईल जोडते, आक्का इरकलीवर जॅकेट घालून गाते, समोरचे लोक मासे खातात. मॅनेजर एक-दोनदा बोलला, आता बोलत नाही. बाकीची गाणी चालू असताना मी निम्मं सामान आवरून घेते, कारण परतीचा घाट मोठा आहे. शेवटच्या गाण्यात तो सूर आला की मात्र हात थांबतो. आक्का उजवीकडे वळते. कधी आधीपेक्षा जरा पुढे जाते, कधी मागे पडते. उरलेला वेळ एकटे आप्पा वाजतात.

रविवारी सकाळी आप्पा खुर्चीत वाट बघत असतात.

"पोचलीस काय?"

"थोडं ऱ्हायलं."

"ऱ्हाऊ दे. मी कुठं सोडलोय?"

मी तिचं जॅकेट उन्हात टाकते आणि आलं संपलं का ते बघते.