पिवळ्या फ्लोटवरचा लाल गोल

आधीच सांगतो, या पानावरचे अनुभव मी आजवर गंमत म्हणूनच वाचत आलोय. खोपोलीच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतंच, आणि ते शोधून काढायचाच मला पगार मिळतो. त्यामुळे भूतबित, आत्माबित्मा... आपला काही संबंध नाही. तरी लिहितोय, कारण गेले काही महिने कारण शोधून थकलोय.

कर्जतला शाळेत आम्हाला सुतारकाम शिकवायला गायकवाड सर होते. रिटायर झाल्यावर ते रेडिओ-कंट्रोलची छोटी विमानं बनवायला लागले, तीसुद्धा पाण्यावरून उडणारी आणि पाण्यावरच उतरणारी. जुना विद्यार्थी म्हणून त्यांनी मला ओढलं, आणि कितीतरी रविवार आम्ही पळसदरीच्या धरणावर काढले.

अशा विमानाला चाकांच्या जागी दोन पोकळ होड्या असतात – फ्लोट. हलक्या लाकडाच्या, वरून फायबरचं कापड आणि रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट लेप. सर म्हणायचे, "उडवायला कुणालापण जमतं रं, फ्लोट कोरडा ठेवून दाखव!" आत थोडं जरी पाणी शिरलं तरी ते मागे धावतं, विमान शेपटीवर बसतं, नाहीतर उडताउडता कोसळतं. म्हणून प्रत्येक खेपेनंतर फ्लोट बादलीत बुडवायचा. जिथून बुडबुडा येईल तिथे सर लाल पेन्सिलीने गोल करायचे – आमच्या वह्यांत चुकीला करायचे तसाच, एका बाजूला जरा उघडा राहिलेला. मग म्हणायचे, "घे, सुधार."

सर मागच्या वर्षी गेले. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, नाशिकला मुलीकडे राहायला जायचं ठरवलं. मला म्हणाल्या, "संदीप, जायच्या आधी ह्यांचं इमान एकदा उडवून दाव रं. इतकी वर्सं नुसत्या बादल्या भरून दिल्या, उडताना कदी बगितलं नाय."

नाही कसं म्हणणार?

विमान काकूंकडेच ठेवून फक्त दोन्ही फ्लोट शेलूला माझ्या घरी आणले. एकाचा मागचा तुकडा कुजला होता. तो कापून नवा बसवला, जुना रंग पार लाकडापर्यंत घासला, नवं कापड, रेझिनचे दोन हात, वर पिवळा रंग. बादलीत बुडवून बघितले – एक बुडबुडा नाही. बायको माहेरी गेली होती, घरात मी एकटाच. शनिवारी सकाळी खिडकीशी धरून दोन्ही फ्लोट नीट तपासले. पिवळेधमक, कुठे डाग नाही. मीच पेपरात गुंडाळले, बाइकच्या मागे बांधले आणि मध्ये कुठेही न थांबता कर्जतला आलो.

काकूंच्या समोर, त्यांच्याच ओट्यावर पेपर सोडला.

नवा तुकडा बसवलेल्या फ्लोटवर, मागे सांध्यापाशी, लाल गोल होता. एका बाजूला जरा उघडा.

मला आधी रागच आला. कुणी केलं हे? पण कोण करणार? काकू दोन हात लांब उभ्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, वाकून बघितलं आणि खुर्चीत बसल्या.

"ह्यांचाच हाय," एवढंच म्हणाल्या.

मी म्हटलं, "काकू, मी टेस्ट केलाय. लीक नाहीये."

"गार पाण्यात केला असशील. थांब."

त्यांनी आंघोळीचं गरम पाणी बादलीत ओतलं. गरम पाण्याने आतली हवा फुगते आणि बारीकशी फटसुद्धा कळते – सर कधीकधी करायचे, मी विसरलो होतो. फ्लोट दाबून धरला. थोडा वेळ काहीच नाही. मग त्या गोलाच्या बरोबर मधून मोहरीएवढा एक बुडबुडा आला... मग दुसरा... मग माळच लागली.

मी फ्लोट सोडून मागे सरकलो. तो सांधा मी बसवलेला. सर गेल्यानंतर. सरांनी तो कधी पाहिलाच नव्हता.

काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "घाबरतोस काय? सुधार."

फ्लोट पुसला, काकूंच्या हेअर ड्रायरने वाळवला, गोलाच्या आत घासून पुन्हा रेझिन भरलं. ते घट्ट होईपर्यंत त्यांनी मला जेवायला वाढलं. परत गरम पाण्यात बुडवला. कोरडा.

चारच्या सुमाराला पळसदरीला विमान पाण्यावर सोडलं. पाण्यावर दोन पांढऱ्या रेघा ओढत ते सुटलं आणि अलगद वर गेलं. काकू पदर सावरायचं विसरून मान वर करून बघत होत्या. "अगं बाई, ह्ये असं दिसतं व्हय!" तीन फेऱ्या मारल्या. उतरवताना मला नीट दिसत नव्हतं, डोळे भरले होते. तरी ते बदकासारखं शांत येऊन टेकलं.

घरी येऊन मी सगळं तपासलं. पेपरची शाई लागली असेल? शाई काळी होती. जुनी खूण वर आली असेल? जुना रंग तर मी पार लाकडापर्यंत घासला होता. मीच झोपेत केला असेल? सकाळी उजेडात बघितलं तेव्हा नव्हता. शिवाय माझ्या घरी लाल पेन्सिलच नाही.

काकू आता नाशिकला असतात. परवा फोनवर मी त्यांना विचारलं, "काकू, खरं सांगा, तुम्हाला काय वाटतं? कसं झालं असेल?"



"कसं झालं त्ये मला काय करायचंय रं," म्हणाल्या. "एवढं आले व्हते तर कपभर च्याला थांबायचं व्हतं."