छत्तीस व्होल्टचा डबा

त्या दिवशी पत्र्याच्या खोलीत आम्ही चौघं होतो. मी, माझी सून, पलीकडच्या गल्लीतले जळालेल्या मोटरी भरनारे भाऊ, आन आमच्या विहाराच्या कमिटीचे रिटायर गुरुजी. लेक माझा ट्रॅक्टरवर गेल्ता, नाती साळंत. बाकी कोन न्हाई.

मधी टेबलावर सुनंचं मशीन. ती आयटीआय केलेली हाये. मोबाईलात बघून, एकेक सामान मागवून, तिनं लाकडावर आपोआप अक्षरं कोरनारं मशीन जोडलं. गुरुजींनी तिला काम देल्तं. जुन्या विहाराच्या दाराची सागाची फळी, तिच्यावर पंचशील कोरायचं, आश्विन पौर्णिमेला लावायचं. ते बराबर झालं तर आसपासच्या गावांची कामं येनार आन सून दिवाळीनंतर ऊसतोडीला जानार न्हाई. न्हाई झालं तर टोळीसंगं अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडं. म्या तिकडं वीस सीझन काढले. उसाच्या फडाकडंला पाचटाच्या कोपीत बाळंत झाले, पाचव्या दिवशी मोळ्या उचलल्या. सुनंच्या वाट्याला ते येऊ नये, येवढंच मला पाह्यजे होतं.

आन म्याच घोळ घातला.

मशीनचं दुखनं असं होतं. त्याच्या मोटरी विहिरीवरच्या मोटरीसारख्या गरगर फिरत न्हाईत, घड्याळाच्या काट्यावानी एकेक पाऊल टाकत फिरत्यात. एक पाऊल चुकलं की पुढलं सगळं सरकतं. फळकुटावर लिवून बघितलं तर चार अक्षरं सरळ यायची, मंग मोटर जाग्यावरच थरथरायची आन पुढली अक्षरं बोटभर बाजूला. भाऊ म्हनले, "दम न्हाई मोटरीत, मोठी घ्या." आम्हाला बी पटलं. तीन हॉर्सनं पानी चढत न्हाई तर पाच हॉर्स बसवतो की आपन. मोठ्या मोटरी मागवल्या. त्या तर त्याहून वाईट. सावकाश चालवल्या तर रेड्याचा जोर, जरा जल्दी केलं की बसकन मारायच्या.

त्या दिवशी सून सगळ्यांसमोर म्हनली, "मोटर चुकली न्हाई, व्होल्टेज चुकलंय. आपन बारा व्होल्ट देऊन राह्यलो. येवढ्यानं मोटरीत करंट भरायला उशीर लागतो, तवर पुढलं पाऊल टाकायची येळ होती. मोठ्या मोटरीला आनखी उशीर. छत्तीस व्होल्ट पाह्यजे."

भाऊंनी मोटर उलटी केली, चष्मा वर केला. "ह्याच्यावर तीन व्होल्ट लिवलंय बाई. तीन! छत्तीस देती व्हय? जळंल ना. माझं काय जातं, मला भरायला एक गिऱ्हाईक."

"भाऊ, मधी ड्रायव्हर हाये. त्याच्यावर करंट जेवढा लावला तेवढाच तो मोटरीत जाऊ देतो."

"ड्रायव्हर हाये म्हनं. मंग कंडक्टर कुठं बसलाय?"

गुरुजी हसले. सून हसली न्हाई. गुरुजी जाता जाता म्हनले, "पोरी, फळी एकच हाये बरं का. तसलं लाकूड आता न्हाई मिळायचं."

माझ्या डोक्यात ते तीन आन छत्तीसच फिरायला लागलं. ज्या शेतमालकाकडं राबत होते त्याच्या विहिरीवरची मोटर माझ्यासमोर जळाली होती. व्होल्टेज वरखाली झालं, धूर निघाला, आन बटन म्या दाबलं म्हनून दोष माझ्यावर. दोन सालं ऐकून घेतलं. म्हनून सुनंनं मागवलेला, मशीनला छत्तीस व्होल्ट देनारा डबा घरी आला तवा ती कापूस वेचायला गेल्ती, आन म्या तो ज्वारीच्या कोठीत पुरला.

सून आली. "आत्याबाई, पार्सल आलं का?"

"न्हाई."

"मोबाईल म्हनतो मिळालं."

"मंग मोबाईललाच इचार."

ती कुरियरवाल्याशी फोनवर भांडली. तो बिचारा शपथा घेऊन राह्यला. म्या भाकरी थापत होते, मान वर केली न्हाई. मला वाटलं, मशीन वाचवलं.

आठ दिस गेले. पौर्णिमा आली टेकायला. सून म्हनली, बारावरच चालवते, एकदम हळू. सागाची फळी लावली. दोन ओळी अशा आल्या, मोत्यावानी. तिसरीकडं जाताना मशीन कोरायचं थांबवून मोकळंच जोरात पळालं; कोरायची चाल तिनं कमी केल्ती, ही मोकळी चाल कमी करायची ध्यानात राह्यली न्हाई. मोटर अडखळली. तिसरी ओळ दुसरीवर चढली. तिनं बटन बंद केलं तवर फळी गेल्ती.

ती खाली बसली. रडली न्हाई. म्या उठले, कोठीत हात घातला आन डबा तिच्यासमोर ठेवला.

"कवा आल्ता?"

"आठ दिस झाले."

तिनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई. डब्यावरची ज्वारी झटकली, तारा जोडल्या, साध्या फळकुटावर मशीन चालवलं. म्या धुराची वाट बघत उभी. धूर न्हाई. मोटर हाताला गरम लागली, बस. पाची ओळी सरळ, तीच मोटर, दुप्पट जल्दी. दुसऱ्या दिवशी भाऊ येऊन म्हनले, "बराबर चालतंय की!" मला त्या मानसाचा असा राग आला. पन डबा त्यांनी न्हाई पुरला, म्या पुरला.

गुरुजींनी शहरातून तयार फळी आनली. त्यांचं बी काय चुकलं? कोरलेल्या फळीवर परत कोरता येत न्हाई. पह्यलंच काम फसलं म्हनून आसपासच्या गावांनी बी काम देलं न्हाई. दिवाळी झाली, सून टोळीसंगं गेली. नातींपाशी मी हाये, त्यांची साळा बुडत न्हाई, येवढंच. मशीन चांगलं हाये आन मला चालवता येत न्हाई. रोज त्याच्यावरची धूळ पुसते आन त्या मोटरीवरचे तीन व्होल्ट बघते. चौथी शिकले मी. आकडा वाचता येतो, त्याचा अर्थ कोन सांगनार?

म्हनून जो कोन हे वाचंल त्याला सांगते. तुम्ही असल्या मोटरी विकत असाल, न्हाईतर कोनाला जोडून देत असाल, तर त्या तीनच्या खाली मराठीत लिवा की ड्रायव्हरला किती व्होल्ट द्यायचं. आन घरात कोन म्हातारं असंल तर त्याला बी बसवून एकदा समजून सांगा.