मोहगावचा लांबलचक फोटो

नागपूरला गाडी बदलली, खिडकी मिळाली आणि मी मांडीवरच्या पिशवीला घट्ट मिठी मारली. आत कॅमेरा, स्टँड आणि तो तिरका नाही ना हे बघायला गवंड्याकडून उसनी आणलेली पाणसळ! चार-पाच फोटो जोडून एकच लांबलचक फोटो करायचा, हे खूळ वर्षभर डोक्यात होतं. पुण्यातला दुकानदार म्हणाला होता, "ताई, वाइड लेन्स घ्या, एका फटक्यात सगळं!" पण त्या लेन्सनं कडेची माणसं ताणली जातात. नकोच ते. साधी लेन्स, पक्का स्टँड आणि प्रत्येक फोटोत आधीच्याचा थोडा भाग पुन्हा घ्यायचा, म्हणजे जोड नेमका बसतो.

पांढुर्ण्याला स्टेशनाबाहेर संत्र्यांचे ढीगच ढीग. अहाहा, काय तो वास! सौंसरच्या बसमध्ये माझा स्टँड सगळ्यांच्या पायांत आला. एक काकू म्हणाल्या, "काहून वो बाई, पेरणीचं मशीन घेऊन चालल्या का?" बस हसली, मीही हसले.

सौंसरला माझी ऑफिसातली मैत्रीण सुमन घ्यायला आली होती. मोहगावला तिच्या घरी 'जय भीम' झालं आणि पुढ्यात सांबारवडी (सांबार म्हणजे इथं कोथिंबीर) आली. मी वेडी त्यात डाळ शोधत बसले!

सुमनची एकच इच्छा होती. "आजी-आबांचा एकत्र फोटो एकही नाही गं. तेवढा येऊ दे."

संत्र्याच्या बागेपुढं सगळा गोतावळा ओळीनं उभा राहिला. अगदी डाव्या टोकाला, बाजेवर आजी. उजेड उतरत होता आणि रोल संपत आला होता. "आता कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही!" मी दम दिला. आबांना मी पाहिलंच नव्हतं. सुमनच्या काकांना विचारलं, "आबा आलेत ना?"

"येऊन राहिले नं!"

झालं तर! आले आणि राहिले, असंच मी समजले. पांढऱ्या टोप्या काय, ओळीत कितीतरी होत्या, त्यातलेच एक आबा! डावीकडून एकेक फोटो घेत शेवटच्यावर आले, तर बागेतून एक म्हातारबा धापा टाकत आले आणि उजव्या टोकाला उभे राहिले. उशिरा आलेला पाहुणा असेल, येऊ दे बिचाऱ्याला! खटक. रोल संपला.

"अगं, तेच आबा!" सुमन किंचाळली.

'येऊन राहिले' म्हणजे इथं 'येताहेत'! मला रडूच फुटायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी सौंसरला नवा रोल काही मिळाला नाही; तिथल्या स्टुडिओत प्रिंट तेवढ्या काढून घेतल्या, घरी आणून ब्लेडनं कापल्या आणि खळीनं चिकटवल्या. जोड असा बसला की शोधून सापडेना! पण आजी या टोकाला, आबा त्या टोकाला. सुमनकडं बघवेना.

आजींनी फोटोची ती लांब पट्टी हातात घेतली. बराच वेळ पाहिली. मग चेहरे बाहेर ठेवून ती बांगडीसारखी गोल वळवली आणि दोन्ही टोकं एकमेकांना भिडवली.

"हे पाह्य, बसले नं माह्या बाजूले!"

आबा लाजून बागेकडं पाहू लागले. आजी म्हणाल्या, "सुमन, सुई-दोरा आण वो." आणि दोन टाके घालून फोटो शिवूनच टाकला.

पुण्याला आल्यापासून सगळे विचारतात, एवढं सामान वाहून नेलंस, फोटो कुठाय? तो मोहगावात कपाटावर उभा आहे. भिंतीवर लावता येत नाही, मागून आणवतही नाही. माझ्याकडं एक प्रतसुद्धा नाही, आणि मी इतकी खूश आहे म्हणून सांगू!