प्रेक्षकांकडे तोंड करून

पडदा वर गेला की काकू पहिल्या रांगेतली आपली खुर्ची उचलायच्या, गर्रकन फिरवायच्या आणि रंगमंचाकडे पाठ करून बसायच्या. तोंड प्रेक्षकांकडे. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, आणि नजर अशी की मागे चिवड्याची पुडी सोडणारा माणूस ती हळूच मिटून खिशात ठेवी.

मी लखनऊत नवा होतो. मला वाटलं, बाईंना कमी दिसत असावं, बिचाऱ्यांची दिशा चुकली. गरज नसताना मदतीला धावणं हा माझा जुना आजार. मी अदबीने वाकून म्हणालो, "काकू, स्टेज त्या बाजूला आहे."

"ठाऊक आहे. मीच बसवलंय ते नाटक." त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "नाटक मला पाठ आहे. तुम्ही नाही आहात. बसा."

मी बसलो, आणि पुढे त्यांनी मला कायम बसवूनच ठेवलं. एकदा बापाच्या भूमिकेसाठी मी घसा खाकरून तालमीला गेलो. माझी दोन वाक्यं ऐकून त्या म्हणाल्या, "तुम्ही बसून करायचं काहीतरी करा." असा मी मंडळाचा पेटीवाला झालो. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे. हाक एकच: "अहो पेटीवाले!"

महाराष्ट्राबाहेरचं एखादं मराठी मंडळ तुम्ही पाहिलं असेल तर आमचं निराळं सांगायला नको. बँकवाले, रेल्वेवाले, केंद्र सरकारवाले. बदलीवर आलेले आणि बदलीची वाट बघता बघता इथेच मुरलेले. घरात आई मराठीत विचारते, मुलं हिंदीत उत्तर देतात, आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. आमची एक पद्धत मात्र खास. कार्यक्रम संपला की जेवणाआधी माईक प्रेक्षकांत फिरतो आणि लोक अभिप्राय देतात. माईकवर सगळे गोड बोलतात. खरं मत पुरणपोळीच्या रांगेत, दबक्या आवाजात. काकू त्या रांगेच्या मागून येत आणि कानाशी म्हणत, "उभं राहून बोला." माणूस बिचारा उभाच असायचा. तरी दचकायचा.

काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. यजमान गेले होते, मुलगा बंगळुरूला. त्या अलीगंजात एकट्या राहत आणि स्कूटरवरून गावभर हिंडत. त्यांचं हिंदी म्हणजे पदर खोचलेलं मराठीच. एकदा नाटकाचे कपडे आणायला आम्ही मुलांना घेऊन जुन्या चौक बाजारात गेलो. चिकनच्या भरतकामाचे कुर्ते बघत होतो. मी उगाच जाणकाराचा आव आणून एका कुर्त्यावरून बोट फिरवत म्हणालो, "वाह, क्या हाथ का काम है!" दुकानदार नम्रपणे म्हणाला, "जी, ये मशीन का है." मुलं खिदळली. मग तो दुकानदार बरोबरच्या मुलीकडे न बघता काकूंना म्हणाला, "बहनजी, बिटिया पर ये रंग नहीं जँचेगा."

काकू म्हणाल्या, "भैया, पहनना उसको है. उसको पूछो ना. मेरे को कायको बताते?"

ती मुलगी सई. आमच्या मंडळाच्या सेक्रेटरींची लेक, अकरावीतली. इतकी अबोल की मंडळात निम्म्या लोकांना तिचा आवाज ठाऊक नव्हता. त्या दिवशी ती दुकानदाराला म्हणाली, "वही वाला दीजिए." काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो कुर्ता त्यांनीच विणला होता.

त्या वर्षी गणपतीच्या दोन महिने आधी काकूंनी जाहीर केलं की मुकुट, दाढ्या आणि पुठ्ठ्याच्या गदा आता माळ्यावर जातील. मिशी फुटलेल्या पोरांना बालनाट्यात ससा करणं बंद. संगीत नाटकच करायचं, पण या मुलांचं, आजचं. त्यांनी मुलांना घरी बोलावलं, साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली आणि विचारलं, "घरी काय बोलायचं राहून जातं?"

कोणी बोलेना. मला शांतता सोसत नाही. मी म्हणालो, "आमच्या वेळी ना..."

"पेटीवाले, खिचडी खा."

हळूहळू मुलं बोलली. त्यातूनच नाटक झालं. आईबाप मराठीत बोलणार, मुलं हिंदीत, घरात असतं तसंच. सईने एक गाणं लिहून आणलं. चाल तिनेच गुणगुणली, मी फक्त पेटीवर शोधली. आई विचारत राहते: जेवलीस का, किती मार्क, कोणाबरोबर होतीस, फोन कोणाचा. मुलगी ऐकून घेते, आणि मग गाते:

पूछते हो रोज़ सब कुछ, सुनते किस दिन हो?

तालमीत पहिल्यांदा ते गायल्यावर सई स्वतःच घाबरली. काकू म्हणाल्या, "आता हे तुझं. कोणी मागितलं तरी द्यायचं नाही."

गणपतीत पहिला प्रयोग झाला. सभागृहात जितकी डोकी तितके मोबाईल वर. सईचं गाणं संपलं आणि टाळ्या थांबेनात. सेक्रेटरींनी स्वतः माईक घेतला. "आमची सई इतकं सुंदर गाते हे आज कळलं. मंडळाची मान उंचावली!" त्या दिवशी पुरणपोळीच्या रांगेतसुद्धा कोणी कुजबुजलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी आभाळ कोसळलं.

झालं असं की सेक्रेटरींनी ते गाणं कौतुकाने नागपूरला बहिणीला पाठवलं. बहिणीने कळवलं, "दादा, हे काय? पोटची पोर आईबापाची उणीदुणी काढते, तीही बाप्पासमोर, आणि तुम्ही टाळ्या पिटता?" बस. आदल्या दिवशी डोळे पुसणाऱ्या माणसांना रातोरात संस्कार आठवले. मंडळाच्या ग्रुपवर तीच चित्रफीत पुन्हा पुन्हा फिरू लागली, प्रत्येक वेळी नव्या संतापासह. 'धक्कादायक! जरूर पहा.' लोक जरूर पाहत होते. मला राग येतो तो याचाच. एखाद्याला गाणं आवडलं नाही तर नाही, त्याची मर्जी. पण यांना आवडलं होतं हो! नागपूरहून निरोप आला म्हणून नावडलं. स्वतःच्या मताला चारचौघांची सही लागते यांना.

बैठक बसली. लष्करी छावणीतल्या हॉलमध्ये दिवाळीनंतर दुसरा प्रयोग ठरला होता. कमिटीचं म्हणणं एकच: गाणं गाळा, नाहीतर प्रयोग रद्द.

काकू उठल्या. "ज्यांना आक्षेप आहे त्यांनी उभं राहून बोला."

कोणी उठेना. मी उत्साहात उठलो. मला काकूंच्या बाजूने बोलायचं होतं. पण आक्षेपवाल्यांत मी एकटाच उभा राहिलेला दिसलो आणि कमिटीने माझं नाव विरोधात टिपून घेतलं. मी खुलासा करणार तोच काकूंनी हाताने खाली बसवलं.

"बरं, मग मी बोलते," त्या म्हणाल्या. "मी तुमच्याकडे तोंड करून बसले होते. विसरलात? जोशीबाई, तुम्ही पदर डोळ्याला लावला होतात. तुम्ही, अहो, तुम्ही तर मोबाईल खाली ठेवून शेजारी बसलेल्या मुलाकडे बघितलंत. आणि सेक्रेटरी, तुमच्या तोंडाचा आ झाला होता. मुलीला पहिल्यांदा पाहिल्यासारखं बघत होतात तुम्ही. तो माणूस कुठे गेला? त्याला बोलवा. मला त्याच्याशी बोलायचंय."

सेक्रेटरी टेबलाकडे बघत म्हणाले, "काकू, भावनेच्या भरात होतं तसं. चार लोक काय म्हणतात ते बघावं लागतं."

"चार लोक म्हणजे तुम्हीच ना? मग विचारा स्वतःला!"

हात वर करून ठराव झाला. गाणं गळालं. काकू म्हणाल्या, मग नाटकच नको. तेव्हा दाराशी उभी असलेली सई पुढे आली. "काकू, रहने दीजिए. सबने इतनी मेहनत की है. मैं उस जगह चुप खड़ी रहूँगी." बाकीची मुलं तिच्यामागे मान खाली घालून उभी होती. त्यांच्यासाठी काकूंनी मान डोलावली. त्यांना हरताना मी तेवढंच पाहिलं, आणि माझा तिळपापड झाला.

छावणीतला हॉल खच्चून भरला. काकूंनी सवयीप्रमाणे खुर्ची फिरवली. नाटक रंगलं. आईचे प्रश्न सुरू झाले: जेवलीस का, किती मार्क... ठरल्याप्रमाणे इथे सईने काही क्षण गप्प उभं राहायचं आणि पुढचा प्रवेश सुरू व्हायचा. सगळं ठरलेलं होतं. फक्त माझे हात ठरावाला हजर नव्हते. प्रश्न संपले आणि माझ्या बोटांनी सवयीने गाण्याची चाल सुरू केली.

थांबावं तर अर्ध्या ओळीत कसं थांबणार? सईने चमकून माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ उघडले. पहिल्या रांगेतून सेक्रेटरींनी बोट ओठांवर ठेवलं. ती पुन्हा गप्प.

आणि मग, विश्वास ठेवा, मागून कुणीतरी गुणगुणलं. मग दुसरं कोणी. संताप व्यक्त करायला ते गाणं त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं. बघता बघता अख्खा हॉल गाऊ लागला. पूछते हो रोज़ सब कुछ... जोशीबाई ताल धरून, कमिटी मान डोलावत. सेक्रेटरी तर डोळे मिटून. रंगमंचावर सई हात बांधून उभी.

शेवटी माईक फिरला. एक गृहस्थ म्हणाले, "गाणं गाळलं ते फार बरं झालं. आता सहकुटुंब बघता येतं." टाळ्या.

मला मात्र हर्षवायू झाला होता. माझ्या चुकीने आयुष्यात प्रथमच काही भलं झालं होतं! मी पेटी तशीच टाकून धावलो. "काकू, जिंकलो आपण! सगळा हॉल गायला!"

काकूंनी फिरवलेली खुर्ची दाणकन सरळ केली. "कोण जिंकलं? मी बघत होते ना त्यांच्याकडे. पोरीचं तोंड बंद केलं आणि तिचं गाणं स्वतः गायले. वर खूष! घरी दुसरं काय करतात हे? आणि तुम्ही साथ केलीत."

त्याच थंडीत काकू मुलाकडे बंगळुरूला गेल्या त्या परत आल्या नाहीत. अलीगंजातलं घर विकलं. आता मंडळात मुकुट आणि दाढ्या माळ्यावरून खाली आल्या आहेत आणि अभिप्राय सगळे गोड असतात.

पण त्या दिवशी, जेवणाची पानं मांडली जात असताना, काकू सईचा हात धरून रंगपटात गेल्या. मी मागोमाग गेलो. माफी मागायची होती. दार लोटलेलं होतं. आतून काकूंचा आवाज आला, "म्हण. मी ऐकतेय."

सई गाऊ लागली. पेटी नाही, तबला नाही. आवाज जरा कापरा. मी दाराबाहेर भिंतीला टेकून उभा राहिलो, आणि माझ्याही नकळत दुसऱ्या ओळीला सूर मिळवून गुणगुणू लागलो.

"कोण आहे तिकडे?" आतून काकू कडाडल्या. "गप्प बसा!"

मी गप्प बसलो. सईने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.