आई आणि मावशीमधली फ्रिक्वेन्सी

आता माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं. कुणी तसं म्हटलं की मला चांदवडजवळच्या आमच्या गावातली एक संध्याकाळ आठवते आणि आनंद जिथल्या तिथे विरतो.

माझा विषय सांगते, घाबरू नका. हवेतली फ्रिक्वेन्सी कुणाच्या ना कुणाच्या, म्हणजे टीव्हीवाल्यांच्या, पोलिसांच्या मालकीची असते, पण मालक काही सारखा बोलत नसतो. तो गप्प असेल तेवढ्यात आपल्या रेडिओने बोलून घ्यायचं आणि तो आला की त्याच क्षणी तोंड मिटायचं. माझ्या रेडिओच्या पेट्यांवर कुणी मुकादम नव्हता. कुणी किती जोरात बोलायचं, कुणाची पाळी कधी, हे त्या आपसात ठरवत. आपला जोर वाढवून दुसऱ्याचा आवाज दाबायचा नाही, हा पहिला नियम. माणसांपेक्षा शहाण्या आहेत, असं मी नाशिकला कॉलेजात सांगायचे आणि पोरं हसायची.

प्रयोगासाठी पेट्या गावात लावल्या. एक आईकडे, एक टेकडीपलीकडे मावशीच्या मळ्यात, बाकीच्या शाळेत आणि डेअरीत. मळ्यात मोबाइलला रेंज नाही, हे कागदावरचं कारण. खरं कारण वेगळंच होतं. माझे आजोबा मावशीकडे वारले आणि तिने आईला निरोप धाडला तो सगळं आटोपल्यावर. आईला बापाचं तोंडही पाहायला मिळालं नाही. तेव्हापासून दोघी सख्ख्या बहिणी लग्नकार्यातसुद्धा एकमेकींकडे पाठ करून बसत. माझ्या पीएचडीसाठी रोज बोलावं लागेल म्हटल्यावर मात्र दोघींनाही नाही म्हणवेना.

सुरुवातीला त्या नुसते आकडे म्हणायच्या. एक, दोन, तीन. मग हळूहळू गुडघा कसा आहे, कांद्याच्या चाळीत पाणी शिरलं का, इथवर आल्या. मावशीने तर धूळ बसू नये म्हणून पेटीवर विणलेला रुमाल घातला होता, टीव्हीवर घालतात तसा. मला वाटलं, जमलं.

त्या संध्याकाळी मी आईशेजारीच होते. पेटीतून मावशी म्हणाली, "ताई, बाबा गेले तवा तुला का नाय बोलावलं, ते आज सांगते. मधी बोलू नको, नायतर मला जमायचं नाय."

"नाय बोलत. सांग," आई म्हणाली.

आणि पेटी गप्प झाली. लाल दिवा लागला. मालक आला होता आणि सरकायला दुसरी फ्रिक्वेन्सी मोकळी नव्हती.

"तोडलं तिनं," आई म्हणाली. मी परोपरीने समजावलं. "बरोबर तिथंच कसं गं बंद पडतं तुझं मशीन?" म्हणत ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मी मळ्यात गेले. मावशी ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. "शेवटपर्यंत सगळं सांगितलं मी. रडले बी. मग म्हणलं, ताई, बोल आता. तर तिनं हूं की चूं केलं नाय."

रुमालाखालचा लाल दिवा तिला दिसलाच नव्हता. मी सांगितलं, आई गप्प नव्हती, पेटी गप्प होती. तुझा एक शब्दही तिकडे पोचला नाही. मावशीने हातातली जुडी बांधून बाजूला ठेवली.

"असं दोनदा सांगता येत नाय, बाई," ती म्हणाली.

मग मला सांग, मी आईला सांगते, असं किती विनवलं. "तुला कशाला? ते तिचं होतं." घरी येऊन मी आईला एवढंच सांगू शकले, की मावशीने सगळं सांगितलं होतं, आपल्यापर्यंत पोचलं नाही.

प्रयोग उत्तम ठरला. आमच्या पेट्यांनी मालकाला एकदाही त्रास दिला नाही, याचं परीक्षकांनी फार कौतुक केलं. मला मात्र त्या कौतुकाचा आनंद झाला नाही.

मावशी गेल्या उन्हाळ्यात गेली. आई अजून भाजी निवडता निवडता मध्येच थांबते. "काय म्हणाली असंल गं ती? तुझ्या पेटीनं तरी ऐकलं असंल ना?"

पेटी फक्त मालक आला का एवढंच ऐकत होती, हे तिला सांगायला माझी जीभ रेटत नाही.